परतीची वाट : जुन्या गाड्यांचे लहान दिवे

ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लख्ख पेटायला हवा. जुन्या गाडीत तो पेटतो, पण मंद, आणि त्याच्याबरोबर शेजारचा इंडिकेटरही उगाच मिणमिणतो. कधी रात्री डावा इंडिकेटर दिला की डाव्या बाजूचा टेल लाईटच त्याच्या तालावर उघडझाप करू लागतो. मालक बल्ब बदलतो. नवा बल्बही तसाच वागतो. मग संशय स्विचवर जातो, तिथून बॅटरीवर, आणि शेवटी ‘सगळी वायरिंगच नवी टाका’ असा महागडा सल्ला मिळतो. दोष मात्र बहुतेक वेळा एका गंजलेल्या स्क्रूत असतो. दिव्याचा पत्रा गाडीच्या पत्र्याला धरून ठेवणारा हा स्क्रू काढून, घासून पुन्हा आवळला की दिवा ताळ्यावर येतो.

वीज दिव्यापर्यंत कशी जाते हे सगळेच तपासतात. ती दिव्यातून बॅटरीकडे परत कशी येते, हे फार थोडे जण बघतात. जुन्या गाडीच्या लहान दिव्यांच्या दुरुस्तीत निम्म्याहून अधिक काम या परतीच्या वाटेवर असतं.

कोणत्या गाड्या, कोणते दिवे

नांदेड-लातूरकडे ‘जुनी गाडी’ म्हटलं की तीन नावं आधी येतात : फियाट, ॲम्बॅसॅडर आणि जीप. फियाट मराठी माणसाला आपली वाटते त्याला कारण आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ आली आणि तीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. ॲम्बॅसॅडर बंगालमधल्या उत्तरपाड्याची. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून उतरलेल्या या गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. विलीज जीपची जुळणी महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत सुरू केली.

या गाड्यांतले लहान दिवे मोजके आहेत. पुढचे पार्किंग दिवे साधारण ५ वॉटचे, चारही कोपऱ्यांतले इंडिकेटर २१ वॉटचे. मागच्या एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात : टेल लाईटचं ५ वॉटचं आणि ब्रेकचं २१ वॉटचं. नंबर प्लेटवर ५ वॉटचा, छताला दोन्ही टोकांना टोप्या असलेला लांबट बल्ब, आणि डॅशबोर्डच्या काट्यांमागे दोन-चार वॉटचे इवलेसे बल्ब.

यातल्या दोन फिलामेंटच्या बल्बकडे नीट पाहावं. साध्या बल्बच्या पितळी टोपीवरच्या दोन खुंट्या एकाच उंचीवर असतात, याच्या मात्र वर-खाली असतात. तो होल्डरमध्ये एकाच बाजूने बसावा, म्हणून ही योजना. जबरदस्तीने उलटा बसवला तर टेल लाईटच्या जागी २१ वॉटचं फिलामेंट सतत जळत राहतं, ब्रेक दाबल्यावर मात्र ५ वॉटचंच पेटतं. मागून येणाऱ्याला ब्रेक लागल्याचं कळतच नाही.

१९५० च्या दशकातल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत उघडझाप करणारे इंडिकेटर नव्हतेच. दाराच्या खांबातून वीतभर लांबीचा एक हात बाहेर यायचा आणि त्याच्या पोटात ३ वॉटचा बल्ब पेटायचा. याला ट्रॅफिकेटर म्हणत. तो उचलण्याचं काम विद्युतचुंबक करतो. त्याची दुखणी दोनच. जुनं तेल आणि धूळ यांचा चिकट थर बसून हात अर्ध्यात अडकतो, नाहीतर वर-खाली होऊन होऊन बल्बकडे जाणारी बारीक वायर बिजागरीपाशी तुटते. पहिल्यासाठी स्वच्छता आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. दुसऱ्यासाठी लवचिक, बारीक तारांची वायर लागते. एकाच जाड तारेची वायर तिथे फार दिवस टिकत नाही.

एक वायर, आणि पत्रा

घरातल्या दिव्याला दोन वायरी लागतात. गाडीत बहुतेक दिव्यांना एकच येते. दुसरीचं काम गाडीची बॉडी करते. बॅटरीचं एक टोक जाड पट्टीने बॉडीला जोडलेलं असतं. दिव्यातून निघालेली वीज होल्डरच्या पत्र्यात, तिथून मडगार्डमध्ये, तिथून चेसिसमध्ये आणि शेवटी त्या पट्टीतून बॅटरीत परत येते. वायरमन याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. तांब्याची निम्मी वायर वाचवणारी ही युक्ती गाडी नवी असेपर्यंत उत्तम चालते. पुढे रंगाचे थर चढतात, गंज धरतो, पॅचवर्क होतं, आणि पत्र्या-पत्र्यांतला संपर्क तुटत जातो.

परतीची सरळ वाट बंद झाली की वीज आडवाट शोधते. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेली वीज त्याच बल्बच्या टेल लाईटच्या फिलामेंटमधून उलट वर चढते, त्या वायरीवरच्या इतर दिव्यांत शिरते आणि त्यांच्या चांगल्या अर्थमधून बॅटरी गाठते. ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्डचे दिवे किंवा पुढचे पार्किंग लाईट उगाच मिणमिणले, तर स्विचबोर्ड उघडायची गरज नाही. मागच्या दिव्याचा अर्थ बघावा.

बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे, हेही आधी पाहून ठेवावं. फियाटमध्ये ऋण टोक बॉडीला असतं. मॉरिससारख्या त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला जोडायची पद्धत होती आणि ती १९६० च्या दशकात बदलत गेली. म्हणून मॉरिसच्या घराण्यातली जुनी ॲम्बॅसॅडर समोर आली की अंदाज न करता बॅटरीची पट्टी डोळ्यांनी पाहावी. साध्या बल्बला याने फरक पडत नाही. रेडिओला आणि एलईडीला पडतो.

एका ओहमचा हिशेब

गंज किती त्रास देतो हे आकड्यांत पाहू. २१ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर वीज घेतो. वाटेतल्या गंजलेल्या जोडाने फक्त एक ओहम अडथळा आणला, तर बल्बला १२ ऐवजी साडेदहा व्होल्टच्या आत-बाहेर मिळतात. दीड व्होल्ट कमी म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, असं वाटेल. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने उतरतो. साडेदहा व्होल्टवर तो साठ टक्क्यांच्या आसपास राहतो. ठिबकच्या संचात पंप चालू, पाईप भरलेला, पण फिल्टर तुंबला की शेवटच्या ओळीला पाणी पुरत नाही, तसंच हे. दोष ना पंपाचा, ना नळीचा.

६ व्होल्टच्या गाडीत हाच गंज जास्त छळतो. महायुद्धातल्या विलीज जीप ६ व्होल्टच्या होत्या. तेवढ्याच उजेडासाठी तिथे दुप्पट, म्हणजे साडेतीन अँपिअर वीज लागते. त्यामुळे तोच एक ओहम उजेडाला पाचव्या हिश्शाच्याही खाली नेतो. ‘सहा व्होल्टचे दिवे मंदच असतात’ हा समज यातूनच आला. जोड स्वच्छ असतील तर ते दिवे कामापुरता चांगला उजेड देतात.

उलट बाजूही ध्यानात असावी. व्होल्टेज पाच टक्क्यांनी जरी वाढलं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. जुन्या गाडीत बल्ब पुन्हापुन्हा उडत असतील, तर बल्बच्या कंपनीला दोष देण्याआधी डायनॅमोचा व्होल्टेज रेग्युलेटर तपासावा. इंजिन वेगात असताना बॅटरीच्या टोकांवर साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ लागलं, तर दुरुस्ती तिथे करायची.

ऊन, पाऊस आणि उंदीर

मराठवाड्याचं हवामान या दिव्यांना दोन टप्प्यांत मारतं. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहूनही तापतो. काच आणि पत्रा यांच्यामधलं रबरी गॅस्केट या उन्हात कडक होतं, आक्रसतं आणि त्याला भेगा पडतात. त्या भेगांतून काळ्या मातीची पिठासारखी धूळ दिव्यात जाऊन बसते. जूनमध्ये पाऊस येतो, आणि ओल धरून ठेवण्याचा त्या मातीचा गुण शेतात उपकारक असला तरी दिव्यात घातक ठरतो. पितळी होल्डर, लोखंडी पत्रा, ॲल्युमिनियमचे रिव्हेट, जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव घर हे वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून ओले राहिले की त्यांच्यात बारीक विद्युतघटच तयार होतो आणि त्यांतला दुबळा धातू झिजत जातो. होल्डरमधली हिरवट-पांढरी भुकटी ही त्याचीच खूण.

तिसरा शत्रू उंदीर. वाड्याच्या ढेलजेत किंवा तूर-सोयाबीनच्या पोत्यांशेजारी शेडमध्ये उभी असलेली गाडी त्यांना आयतीच सापडते. जुन्या वायरींवर रबराचं आवरण आणि वर कापडी विणकाम असतं. उंदरांनी ते कुरतडलं की उघडी तार पत्र्याला टेकते. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत फ्यूज अगदी मोजके असत आणि पार्किंग-टेल लाईटची वायर पुष्कळदा फ्यूजशिवायच जाई. अशी वायर पत्र्याला टेकली तर फ्यूज उडत नाही, वायरच जळते. १२ व्होल्टचा धक्का माणसाला बसत नाही, पण शॉर्ट झालेली बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. म्हणून कोणताही दिवा खोलण्याआधी बॅटरीचं टोक सोडवायचं. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची नाही.

दोष शोधताना

सगळ्यात जलद चाचणीला मीटरही लागत नाही. एक लांब वायर घ्यावी. तिचं एक टोक बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या टोकाला लावावं, दुसरं पेटलेल्या मंद दिव्याच्या होल्डरच्या पत्र्याला. दिवा तत्काळ उजळला तर अर्थ खराब आहे. काहीच फरक पडला नाही तर अडथळा येणाऱ्या वायरीत, जोडात किंवा स्विचमध्ये आहे.

मल्टिमीटर असेल तर तो दिवा पेटलेला असतानाच लावायचा. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर टेकवला तर सडलेल्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी तो बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो. वीज वाहतच नसते, मग अडथळा दिसणार कसा? दिवा पेटवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टोकावर आणि दुसरं होल्डरच्या पत्र्यावर ठेवावं. आकडा शून्याच्या जवळ हवा. पाव व्होल्टच्या वर गेला तर घासकाम आलं. मग मीटरचं टोक होल्डरवरून मडगार्डवर, मडगार्डवरून चेसिसवर असं सरकवत न्यावं. जिथे आकडा एकदम पडतो, त्याच्या अलीकडच्या जोडात दोष आहे.

ब्रिटिश वळणाच्या गाडीत वायरींचे रंग मोठी मदत करतात. लुकास कंपनीच्या पद्धतीत काळी वायर अर्थची, लाल पार्किंग-टेल लाईटची, हिरवी-जांभळी ब्रेकची, हिरवी-लाल डाव्या इंडिकेटरची आणि हिरवी-पांढरी उजव्या इंडिकेटरची. रंग उडाला असला तरी वायरीचं टोक जोडातून बाहेर काढून बघितलं तर आतला भाग बऱ्याचदा मूळ रंगाचा सापडतो. हे जोड म्हणजे गोळीसारखं टोक नळीत दाबून बसवायचे बुलेट कनेक्टर. डिकीच्या कोपऱ्यात, चटईखाली ते गंजत पडलेले असतात.

घासणं, ताणणं, बसवणं

होल्डर साफ करायला बारीक पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून आत फिरवावा. घरातली पितळी भांडी चिंचेने लखलखीत होतात, म्हणून इथेही चिंच-लिंबू लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. आम्लाचा अंश फटीत राहतो, जस्ताच्या ओतकामाला खातो आणि महिन्याभरात जोड पहिल्याहून वाईट होतो. घासून, कोरड्या फडक्याने पुसून, वर व्हॅसलिनचा पुसटसा हात फिरवला की पुरे.

होल्डरच्या तळाशी स्प्रिंगवर बसलेली फायबरची चकती असते आणि तिच्यात पितळी टेकू. बल्बच्या उष्णतेने स्प्रिंग मऊ पडते, टेकू बल्बपर्यंत नीट पोचत नाही आणि खड्ड्यातून गाडी गेली की दिवा विझून पुन्हा लागतो. स्प्रिंग हलकेच ताणून पाहावी. चकती तडकली असेल तर ती मात्र बदलावी. यासाठी मुंबईला धावायची गरज नाही. खुंट्यांचे हे बल्ब आणि होल्डर ट्रॅक्टरलाही चालतात, त्यामुळे तालुक्याच्या ट्रॅक्टर स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलेल्या होल्डरचं ‘पोट’ काढून जुन्या घरात बसवता येतं.

अर्थचा स्क्रू बसतो तिथला रंग रुपयाएवढ्या वर्तुळात पत्र्यापर्यंत खरवडावा. दातेरी वॉशर टाकून स्क्रू आवळावा आणि मग बाहेरून रंगाचा हात द्यावा. रंग आधी आणि स्क्रू नंतर, हा उलटा क्रम गॅरेजमध्ये नेहमी दिसतो. नवा रंग मारून आणलेल्या गाडीचे दिवे दुसऱ्याच दिवशी रुसतात ते यामुळे. होल्डर रिव्हेटने ठोकलेला असेल आणि रिव्हेट सैल झाले असतील, तर होल्डरच्या पत्र्यावर एक काळी वायर सोल्डर करून ती थेट चेसिसला न्यावी. ती बाहेरून दिसत नाही, मूळ रचनेला धक्का लागत नाही आणि हवी तेव्हा काढता येते.

लाल-पिवळी प्लास्टिकची काच साबणाच्या पाण्याने धुवावी. पेट्रोल किंवा थिनर लावला तर तिच्यावर केसासारख्या भेगांचं जाळं पडतं आणि ते परत जात नाही. आतला चकचकीत परावर्तक घासू नये, त्यावरचा मुलामा फार पातळ असतो. गॅस्केट मिळत नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापून घेता येतं. दिव्याच्या तळाला बारीकसं भोक असतं. ती चूक नाही, आत जमणारी वाफ आणि पाणी बाहेर जाण्याची ती वाट आहे. सिलिकॉनने तीही बंद केली तर पहिल्या पावसातच दिव्यात पाणी साठतं.

काच फुटलीच असेल तर शोध घ्यावा लागतो. मुंबईचा चोरबाजार आणि कुर्ल्याची भंगार बाजारपेठ यांची नावं सगळे घेतात. नांदेडकरांना हैदराबाद मात्र अधिक जवळ. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि बाजारहाटासाठी तिकडे जाण्याची सवय अजून आहे. नवी नक्कल घेण्यापेक्षा जुनी, थोडी फिकी पडलेली मूळ काच जास्त मोलाची.

इंडिकेटरची लय आणि एलईडीचा मोह

इंडिकेटरची उघडझाप करणारा जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो. आतली बारीक तार विजेने तापून लांबते, संपर्क जुळतो, तार थंड होऊन आखडते, संपर्क तुटतो. पुढचा-मागचा मिळून ४२ वॉट, म्हणजे साडेतीन अँपिअर, हे गृहीत धरून ही तार बेतलेली असते. एक बल्ब उडाला की वीज कमी होते आणि लय बिघडते. कुठे ती वेगाने धावते, कुठे दिवा नुसताच पेटून राहतो. लय बिघडली म्हणून फ्लॅशर फेकू नका. चालकाला बसल्या जागी बल्ब उडाल्याचं सांगणारी ती सोय आहे.

त्यामुळेच अशा गाडीत एलईडी बल्ब घातले की फ्लॅशर गप्प बसतो, कारण दोन वॉटच्या बल्बने त्याची तार तापतच नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो. धन टोक बॉडीला असलेल्या गाडीत तर साधा एलईडी उलटा पडतो आणि पेटतच नाही. शिवाय लाल काचेमागे पांढरा एलईडी घातला तर दिवा लालऐवजी गुलाबीसर दिसतो, तिथे लालच एलईडी हवा. आणि गंजलेल्या अर्थवर एलईडी कमी विजेत ‘चालून जातो’ म्हणून दोष झाकला जातो, बरा होत नाही.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये, नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. काच, घर, होल्डर जपून केलेली दुरुस्ती इथे उपयोगी पडते. पन्नाशी न गाठलेल्या गाडीलाही पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते, आणि लातूरच्या एमएच-२४ असो वा नांदेडच्या एमएच-२६, तपासणीत दिवे पाहिले जातातच.

टपावरचा लाल दिवा

या भागात जुन्या गाडीच्या दिव्यांबद्दल बोलताना आणखी एक दिवा टाळता येत नाही. नांदेडने शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण, लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख असे चार मुख्यमंत्री महाराष्ट्राला दिले. ‘लाल दिव्याची गाडी’ हा इथल्या राजकीय गप्पांतला नेहमीचा शब्द. त्या दिव्यातला बल्ब फिरत नाही. स्थिर बल्बभोवती छोट्या मोटरवर वक्र आरसा फिरतो आणि लांबून पाहणाऱ्याला झोत फिरल्यासारखा दिसतो. असा दिवा नुसताच पेटून राहिला तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत किंवा आरशाचा दाता-पट्टा अडकलाय. सरकारी वापरातून बाहेर पडलेली ॲम्बॅसॅडर कुणी जपली असेल तर दिवा दुरुस्त करून कपाटात ठेवावा. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्याही गाडीवरून तो उतरला आहे.

केव्हा करावं

या कामाला वर्षातले दोन मुहूर्त आहेत. पहिला मेअखेर. गॅस्केट, भोकं आणि बुलेट कनेक्टर पाऊस पडण्याआधी पाहून घ्यावेत. दुसरा दिवाळीच्या सुमारास, गळीत हंगाम सुरू होण्याआधी. नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर या रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात, पुष्कळांना मागे दिवाच नसतो, आणि त्यांच्यामागे ब्रेक दाबणाऱ्या जुन्या फियाटच्या मागे एखादा भरधाव ट्रक असतो. त्या ट्रकच्या चालकाला समोरची गाडी थांबतेय हे सांगायला २१ वॉटचं एक फिलामेंट असतं. ते पूर्ण उजेडाने पेटायला एक स्वच्छ स्क्रू, एक दातेरी वॉशर आणि अर्ध्या तासाची सवड एवढंच लागतं. नवी वायरिंग घालायचा निर्णय त्यानंतर घ्यावा. बहुतेक वेळा तो घ्यावाच लागत नाही.